गावच्या वीरगळांची, पुतळ्यांची, शाळेच्या भिंतींची नोंद करायचीय, पैसा कुठून उभा करायचा?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. सांगोला तालुक्यातलं तुमचं गाव आणि आसपासची दहा-बारा गावं, तिथं उघड्यावर जे काही आहे, म्हणजे मारुतीच्या देवळापुढचे वीरगळ (लढताना मेलेल्या वीराच्या स्मरणाचे कोरीव दगड), पडकी वेस, चावडीवरची चित्रं, चौकातले पुतळे, झेडपी शाळेच्या बोलक्या भिंती, या सगळ्याचे फोटो काढायचे, कुणी केलं कधी केलं ते शोधायचं आणि म्हातारी माणसं, पेंटर लोक यांच्याशी बोलून रेकॉर्ड करून ठेवायचं. तुम्ही दोघं मित्र, संस्था नाही, खर्चाचा अंदाज पाच लाख, त्यात दीड लाखाचा कॅमेरा, आणि विचारताय की यासाठी कुठली स्कीम आहे.

मी सोलापुरात राहून हेच काम बरीच वर्षं करतोय, स्वतः अर्ज लिहिलेत आणि दुसऱ्यांचे वाचून मतही दिलंय, त्यावरनं सांगतो. तुम्ही म्हणता तसल्या कामाला सरळ पैसे देणारी एक अशी स्कीम नाही. पण पैसा आहे, फक्त तो वेगवेगळ्या खिशात आहे आणि प्रत्येक खिसा वेगळ्या कामासाठी उघडतो. तुमच्या एका प्रोजेक्टमध्ये खरं तर चार कामं आहेत: एक संशोधन, दुसरं फोटो-मापं-नोंद, तिसरं माणसांच्या मुलाखती, आणि चौथं हे सगळं गावाला परत देणं, म्हणजे पुस्तिका, प्रदर्शन, शाळेत ठेवायची फाईल. या चारही गोष्टी एकत्र बांधून 'डॉक्युमेंटेशनसाठी पाच लाख' असं मागितलं की समोरच्याला ते कुठल्या रकान्यात टाकायचं तेच कळत नाही आणि अर्ज बाजूला पडतो.

बरंचसं तुमच्या परिस्थितीवर आहे हे आधीच सांगतो. तुमचं वय किती, दोघांपैकी कुणी इतिहास किंवा कला शिकलंय का, गावात एखादी जुनी वाचनालयासारखी संस्था आहे का, देवस्थानची कमिटी कशी आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गावात सध्या जीर्णोद्धार किंवा रस्ता रुंदीकरण चालू आहे का. हे शेवटचं चालू असेल तर पैशाची वाट न बघता उद्या सकाळी मोबाईल घेऊन जा आणि फोटो काढा. पालखी मार्ग चौपदरी झाला तेव्हा माळशिरस-पंढरपूरकडची कितीतरी गावं वर्षा-दोन वर्षांत ओळखू न येण्याइतकी बदलली, कडेचे पार, ओटे, रंगवलेल्या भिंती यांची कुणी यादी केलेली नसली तर ते होतं एवढंसुद्धा आता दाखवता येत नाही.

आता पहिला सल्ला, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा. अर्जाआधी एक गाव पूर्ण करा, स्वतःच्या पेट्रोलवर. दहा गावांचं अर्धं अर्धं नको, एकच गाव, पण शेवटपर्यंत. वीस-पंचवीस नोंदी होतील. नोंद म्हणजे काय ते दाखवतो, कारण पैसे देणारा माणूस हाच कागद बघून ठरवतो.

समजा देवळाच्या पायरीला टेकवलेला वीरगळ आहे. नोंदीत लिहायचं: दगड काळा बेसाल्ट, जमिनीवर दिसतो तेवढा भाग उंची इतकी, रुंदी इतकी, जाडी इतकी, खालचा भाग सिमेंटात गेलाय. तीन चौकटी. खालच्या चौकटीत वीर आडवा पडलाय, बाजूला गाईंची रांग, म्हणजे गुरं सोडवताना मेलेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात. वरच्या चौकटीत शिवलिंगापुढं बसलेला वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. शेंदराचा जाड थर, त्यावर अलीकडं कुणीतरी चांदीचा ऑइल पेंट मारलाय. गावात याला कोण काय म्हणतं, कुठल्या घराण्याचा नैवेद्य असतो, आधी कुठं होता, इथं कधी आणला, हे सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख. फोटो चार बाजूंनी, त्यातला एक सकाळच्या नाहीतर संध्याकाळच्या तिरक्या उन्हात, कारण दुपारी कोरीव काम सपाट दिसतं. असं एक पान वाचलं की वाचणाऱ्याला समजतं की या माणसाला बघता येतंय.

तसंच शाळेच्या भिंतीचं. लोक म्हणतात शाळेच्या भिंतीवरच्या चित्रात कसला आलाय इतिहास, मला हे अजिबात पटत नाही. साक्षरता अभियान, २०००-०१ पासूनचं गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, मग सर्व शिक्षा, मग स्वच्छ भारत, २०२० पासून माझी वसुंधरा, प्रत्येक लाटेत गावच्या भिंती नव्यानं रंगल्या आणि आधीचं पुसलं गेलं. पोपडे निघालेल्या जागी खालचा थर दिसतो बघा, एका अक्षराचा काना, एखाद्या फळाचा लाल रंग. आणि कोपऱ्यात पेंटरची सही, गावाचं नाव, कधी मोबाईल नंबर. फ्लेक्स आल्यावर यातले बरेच पेंटर दुसऱ्या कामाला लागले, काही रिक्षा चालवतात, काही शेतात आहेत. त्यांच्याकडं जुन्या कामाचे फोटो असतात, स्टेन्सिल असतात. दगड अजून शंभर वर्षं टिकेल, पण ही माणसं आणि ह्या भिंती नाही टिकणार, म्हणून मी नेहमी सांगतो की बजेटमध्ये मुलाखतींना आधी पैसे ठेवा.

पुतळ्यांसाठी एक गोष्ट फार लोकांना सुचत नाही. आपल्याकडं पुतळा बसवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि कला संचालनालयाची मान्यता लागते, म्हणजे फाईल असते. शिल्पकार कोण, खर्च किती, वर्गणी कशी जमली, ठराव कधी झाला, हे ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात आणि कमिटीच्या जुन्या पावतीपुस्तकात सापडतं. जुने सिमेंटचे पुतळे बहुतेक परवानगीच्या आधीचे असतात, तिथं मात्र जयंती मंडळाच्या लोकांशीच बोलावं लागतं. आणि यादी करताना गावठाणाबरोबर वस्त्यांवरही जा, आंबेडकरांचा, अण्णाभाऊंचा, अहिल्यादेवींचा पुतळा ज्यांनी पोटाला चिमटा काढून उभा केला त्यांच्याकडनंच ती हकीकत घ्या. अर्धं गाव यादीत नसेल तर ती गावाची यादी नाही.

आता पैशाकडं येतो.

तुमची संस्था नाही, तर आधी व्यक्तीला मिळणारे पैसे बघा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनिअर आणि सीनिअर फेलोशिप आहे, सीसीआरटी या केंद्राच्याच सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेमार्फत चालते. ज्युनिअर २५ ते ४० वयाला, महिना १०,००० रुपये, सीनिअर चाळिशीच्या पुढं, महिना २०,०००, दोन्ही दोन वर्षं. म्हणजे ज्युनिअरला एकूण २ लाख ४० हजार होतात. पैसे हप्त्यानं येतात, सहामाही रिपोर्ट द्यावा लागतो, निवडीला वेळ लागतो, त्यामुळं यावर घर चालवायचं गणित मांडू नका. पण संशोधनाचा भाग यात बसतो. अट एवढीच की विषय धारदार पाहिजे. 'सांगोला तालुक्यातील सार्वजनिक कला' हा विषय नाही, तो नकाशा झाला. 'फ्लेक्स येण्याआधीचे भिंतीवर लिहिणारे पेंटर आणि सरकारी अभियानं' हा विषय आहे.

दुसरं, बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, १९९३ ला सुरू झालेली संस्था. ते कला-संशोधनाला व्यक्तीला अनुदान देतात आणि भारतीय भाषांत लिहिलेला अर्ज घेतात, मराठीत लिहा, खरंच मराठीत लिहा, मोडक्या इंग्रजीत लिहिलेल्या अर्जापेक्षा स्वतःच्या भाषेत नीट मांडलेला प्रश्न जास्त वजनदार असतो. त्यांना 'हे नष्ट होतंय, वाचवा' एवढ्यानं भागत नाही, तुम्हाला काय कळून घ्यायचंय ते विचारतात. म्हणजे वीरगळ देवळात आणून देव कसा झाला, किंवा एकाच पेंटरनं वीस गावांतला मारुती रंगवला तर वीस गावांचा मारुती एकसारखा झाला का, असा काहीतरी प्रश्न पाहिजे.

नोंदीचं काम, फोटो आणि मापं, यासाठी रोख पैशापेक्षा माणसं मिळवणं सोपं आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्वाचं शिक्षण आहे, तिथल्या सरांशी जाऊन बोला. कॉलेजांची एनएसएसची सात दिवसांची शिबिरं खेड्यातच होतात, एक दिवस श्रमदानाऐवजी ही मोजणी ठेवली तर मुलांना आवडतं आणि राहण्या-जेवणाचा खर्च शिबिरातनंच जातो. फक्त आदल्या दिवशी दोन तास शिकवावं लागतं, टेप कसा धरायचा, फोटोत स्केल कसा ठेवायचा, आणि खडूनं किंवा पाण्यानं कोरीव काम उठवायचं नाही, शेंदूर खरवडायचा नाही. इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या सोलापूरच्या लोकांनाही भेटा, शिफारसपत्र आणि सल्ला यासाठी त्यांचा उपयोग होतो. आणि केंद्राचं 'मेरा गाँव मेरी धरोहर' हे पोर्टल २०२३ मध्ये आलं, तिथं तुमच्या गावाच्या पानावर काय आहे ते आधी बघा, अर्जात 'अमुक एवढं नोंदलेलं आहे, तमुक नाही' असं एक वाक्य लिहिता आलं तर पुढचं काम का पाहिजे हे आपोआप सिद्ध होतं.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी कायद्यानं समाजकामाला द्यायचा पैसा, याबद्दल सगळे विचारतात म्हणून जरा नीट सांगतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती हा विषय स्पष्ट आहे, म्हणजे तुमचं काम बसतं. पण आपल्या जिल्ह्यातले लोक पहिल्यांदा साखर कारखान्याकडं धावतात आणि तिथं एक बारकावा आहे: सहकारी कारखाना ही कंपनी नाही, सहकार कायद्याखालची सोसायटी आहे, त्याला हे कलम लागू होत नाही. चेअरमननी मनावर घेतलं तर तो मदत करेल, पण तो त्यांचा निर्णय, सीएसआर नाही. खाजगी कारखाना कंपनी असतो, तिथं विचारता येतं. एनटीपीसीसारख्या मोठ्या कंपनीचा प्रकल्प दक्षिण सोलापुरात आहे, पण असे प्रकल्प आपल्या भोवतालच्या गावांना आधी धरतात, सांगोल्यापर्यंत हात पोचेल अशी आशा धरून बसू नका. शिवाय पैसे संस्थेला मिळतात, तिच्याकडं आयकराची १२ ए, ८० जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी, सीएसआरचं काम घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांचं काम लागतं.

म्हणून नवीन ट्रस्ट काढायच्या भानगडीत लगेच पडू नका. धर्मादाय कार्यालय, ऑडिट, विश्वस्त बदलले की द्यायचा चेंज रिपोर्ट, यात पहिलं वर्ष जातं. त्यापेक्षा गावातलं वाचनालय किंवा एखादी शिक्षण संस्था, जिचं ऑडिट वेळेवर होतं, तिच्या नावावर पैसे घ्या आणि दोन पानी लेखी करार करा: फोटो कुणाचे, मूळ फाईल कुणाकडं, संस्था व्यवस्थापनाला किती टक्के घेणार, सही कुणाकुणाची. हे तोंडी ठेवलं की पुस्तक छापायच्या वेळी भांडण ठरलेलं.

ग्रामपंचायत. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेला ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेनुसार. घटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत ग्रंथालयं आणि सांस्कृतिक कार्यक्रम दोन्ही आहेत. म्हणजे पुस्तिका, प्रदर्शन, माहितीफलक असलं काम गावाच्या आराखड्यात बसवता येतं, पण आराखड्यात नाव पाहिजे, आणि त्यासाठी ग्रामसभेत विषय यायला पाहिजे. ग्रामसेवक भाऊसाहेबांना आधी भेटून सध्याचे नियम विचारून घ्या. रक्कम लहान मागा, वीस-पंचवीस हजार. मानधन या पैशातनं मागू नका.

आमदार निधी, जिल्हा नियोजन यांचा पैसा बहुतेक बांधकामाला जातो आणि 'सुशोभीकरण' या नावानं येतो. इथं मला काळजी वाटते. वीरगळांभोवती टाइल्स, कोरीव खांबांना ऑइल पेंट, मूर्तीला पॉलिश, हे सगळं चांगल्या मनानं आणि गावाच्या पैशानं होतं, आणि ज्याचा इतिहास लिहायचा तेच त्याखाली जातं. त्या पैशाच्या मागं लागताना तुमचं काम त्यात मिसळू देऊ नका.

पण याच जागी सगळ्यात जवळचा पैसा पण आहे. आपल्या भागात देवळाच्या जीर्णोद्धाराला लाखांनी वर्गणी जमते. सांगोला-आटपाडी पट्ट्यातले गलाईवाले देशभर सोन्या-चांदीच्या कामात आहेत, गावच्या देवासाठी ते हात आखडत नाहीत. कमिटी इस्टिमेट करते, त्यात सिमेंट, दगड, कळस, महाप्रसाद सगळं असतं. त्या इस्टिमेटमध्ये पहिली ओळ 'कामाआधी देवळाची आणि आवारातल्या सगळ्या दगडांची नोंद व फोटो' अशी घालून घ्या. लाखांच्या कामात पंधरा-वीस हजार कुणी अडवत नाही. आणि एकदा फोटोसह यादी कमिटीच्या दप्तरात गेली की वीरगळ पायरीला बसवायच्या आधी कुणीतरी विचारतंच. मी जी कामं उभी राहताना बघितली त्यातली चांगली कामं बाहेरच्या अनुदानापेक्षा या रस्त्यानं जास्त झाली. पुस्तिकेसाठी यात्रेची स्मरणिका धरा, पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, दूध डेअरी, हार्डवेअर यांच्या जाहिरातीत छपाई सुटते. शाळेच्या भिंतींसाठी मुख्याध्यापकांना सांगा, शैक्षणिक उठावातनं, म्हणजे गावानं शाळेला दिलेल्या देणगीतनं, रंगकाम होणारच असतं, पेंटर बोलवायच्या आधी एक दिवस तुम्हाला द्या म्हणावं.

परदेशी अनुदान पहिल्या टप्प्यात नको, त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागू होतो.

बजेट. तुमच्या पाच लाखांत कॅमेरा दीड लाखाचा आहे, तो काढा. चांगला मोबाईल, तीन फुटी स्केल, कॉलर माईक आणि दोन हार्ड डिस्क एवढ्यात काम होतं, दोन डिस्क दोन घरात ठेवा. निम्म्याच्या वर पैसा माणसांवर लावा: तुमच्या दोघांची मजुरी, मुलाखती ऐकून टाईप करणाऱ्याची मजुरी (एक तासाच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास सहज जातात), आणि पेंटर, गोंधळी, पुजारी ज्यांचा दिवस मोडतो त्यांचं मानधन. आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी नोकरी सांभाळून गावोगाव फिरून शिलालेख शोधले, हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख त्यांच्यामुळं पुढं आला. त्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. पण एका माणसानं पदरमोड केली म्हणून पुढच्या सगळ्यांनी फुकट राबावं असं मला वाटत नाही, अर्जात स्वतःची मजुरी लाजून शून्य लिहू नका.

एक कायद्याची आणि एक सुरक्षेची गोष्ट, कारण अनुदान देणारे विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो छापायला परवानगी लागत नाही, पण भिंतीवरच्या चित्राला ही सूट नाही. पेंटर हयात असताना आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क टिकतो, तो पेंटरचा किंवा वारसांचा, पण पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क काम देणाऱ्याचाही असू शकतो, तेव्हा साध्या मराठीत एक संमतीपत्र करून सही घ्या, मुलाखतीसाठीही तेच. दुसरं, सुट्या मूर्ती आणि वीरगळ यांची नेमकी जागा इंटरनेटवर टाकू नका, चोरांना पत्ता दिल्यासारखं होतं. ती माहिती ग्रामपंचायत, विद्यापीठ आणि तुमच्याकडं राहू दे. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटनं १९५० च्या दशकापासून काढलेले देवळांचे फोटो पुढं तामिळनाडूतल्या चोरीच्या मूर्ती परदेशातनं परत आणायला पुरावा म्हणून कामाला आले. हे उदाहरण अर्जात जरूर घाला, सरपंचालाही पटतं.

तर तुमच्या बाबतीत मी क्रम असा लावेन: आधी एक गाव स्वखर्चानं, त्याची वीस पानं. ती पानं घेऊन देवस्थान कमिटी आणि शाळा, तिथनं लहान पैसे. दरम्यान तुमच्यापैकी ज्याचं वय आणि शिक्षण बसतं त्यानं फेलोशिपचा अर्ज, दुसऱ्यानं कला-संशोधनाचा, दोन्हीचे प्रश्न वेगळे ठेवून. वाचनालयाशी करार झाला की मग खाजगी कंपन्या.

शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगवतात, त्यामुळं पहिलं गाव मार्चच्या आत उरका. आणि कुठं अर्ज करणार ते ठरलं की विषयाचं एक वाक्य आणि बजेटचा तक्ता मला दाखवा, मी ओळीनं बघून सांगतो.